निवृत्तीच्या वर्षाचे संकल्प

महोदय,

राज्य शासनाचे बहुतेक कर्मचारी ५८ व्या वर्षी निवृत्त होतात आणि निरोपसमारंभातच रोज दहा किलोमीटर चालणे, पेटी शिकणे, चारधाम असे संकल्प करतात. पावसाळा लागतो, चालणे बंद पडते, मग सगळेच सुटते. म्हणून संकल्पाची कमाल नव्हे, किमान मर्यादा ठरवावी: आठवड्यातून चार दिवस, निदान वीस मिनिटे, पावसात तेवढाच वेळ घरात व्यायाम. दर तीन महिन्यांनी यादी पाहावी आणि न जमलेले बिनदिक्कत खोडावे. पहिल्या तिमाहीत नवा छंद एकच पुरे; कागदपत्रेच फार वेळ खातात.

तारखांच्या कामांत मात्र ही सवलत नाही. निवृत्तिवेतनाचे अंशराशीकरण, म्हणजे त्याचा काही भाग एकरकमी घेणे, निवृत्तीपासून वर्षाच्या आत न मागितल्यास वैद्यकीय तपासणी लागते. ५५ ते ६० वयात निवृत्त झालेल्यांना ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत खाते उघडण्यासाठी निवृत्तीची रक्कम हाती आल्यापासून तीनच महिने मिळतात. ते हुकले की साठीपर्यंत थांबणे आले. हयातीचा दाखला दर नोव्हेंबरात. प्रवासाची तिकिटे काढण्यापूर्वी या तारखा जोडीदारालाही सांगून ठेवाव्यात.

– एक निवृत्तिवेतनधारक, सातारा