फोन का उचलला नाही ते

ती. आई-बाबा,

नमस्कार. आधी तब्येत. माझी एकदम छान आहे, वजन कमी झालेलं नाही, व्हिडिओ कॉलवर गाल बसलेले दिसतात ते खोलीतल्या लाइटमुळे. ऑफिस, भाडं, रूममेट सगळं तसंच चाललंय म्हणून परत लिहीत नाही. बाबा, डोळ्याला आता कसं वाटतंय? दादाने पट्टी काढल्यावरचा फोटो पाठवलाय, तुम्ही भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघताय तो, मी कितीदा मोठा करून बघितला.

आई, तू वहिनीला म्हणालीस ना, बापाचं ऑपरेशन आणि ही पोरगी मासे धरत बसलीय, ते मला कळलं आणि लागलं पण. मोतीबिंदूचं ऑपरेशन सोमवारी ठरलं होतं. शनिवारी सकाळी आठला दवाखान्यातून तुम्हाला फोन आला की आजच या, तेव्हा इकडे शुक्रवारच्या रात्रीचे साडेनऊ वाजले होते आणि मी मिनियापोलिसपासून तीन तास वर लीच लेक म्हणून मोठा तलाव आहे, साधारण लाखभर एकराचा, तिथे बोटीत सामान भरत होते. बाबांना साडेदहाला आत घेतलं म्हणे. बरोबर त्याच मिनिटाला इकडे रात्रीचे बारा वाजले आणि आम्ही पाण्यात दोरी सोडली. हे मी नंतर हिशोब करून काढलं आणि मला रात्रभर झोप लागली नाही.

बारालाच का, तर इथे मिनेसोटात वॉलआय नावाच्या माशाचा सीझन मे महिन्याच्या मध्यात एका शनिवारी उघडतो आणि तो मध्यरात्री उघडतो. आपल्याकडे नारळी पौर्णिमेला होड्या दर्यात जातात तसंच समज, लोक वर्षभर वाट बघतात, १९४८ पासून राज्याचा गव्हर्नरसुद्धा त्या दिवशी गळ टाकायला जातो. लायसन्स काढावं लागतं, माझं काढलेलं आहे. आणि परक्या माणसांबरोबर रात्रीची गेलीस असं म्हणू नकोस, माझ्या ऑफिसातली साठीची बाई आणि तिचा नवरा होता, दोघं मला मुलीसारखं बघतात. लाइफ जॅकेट पूर्ण वेळ अंगात होतं. थंडी होती पण दोन स्वेटर होते. आणि मला पोहता येतं, खाडीत कोणी शिकवलं ते बाबांना विचार.

बाबा, तुम्ही फोनवर विचारलंत की खोट्या माशाला खरा मासा कसा काय लागतो आणि मला धड सांगता आलं नाही, तर आता नीट लिहिते कारण मलाही हे समजायला दोन उन्हाळे गेले. इथे कोलीम नाही, गांडूळ नाही, काहीच लावायचं नाही. बोटभर लांबीचा लाकडाचा नाहीतर प्लास्टिकचा मासा असतो, रंगवलेला, डोळे काढलेले, त्याला क्रँकबेट म्हणतात. पोटाखाली आणि शेपटीला तीन-तीन काट्यांचे गळ. त्याच्या तोंडाखाली हनुवटी पुढे काढावी तशी एक पातळ पारदर्शक पट्टी असते आणि सगळी गंमत त्या पट्टीत आहे. नुसता पाण्यात टाकला तर तो तरंगतो. ओढला की पाणी त्या पट्टीवर आपटतं, तो तोंड खाली घालून बुडी मारतो आणि दोन्ही कुशींवर होत डोलत जातो, जखमी मासा पोहतो ना अगदी तसा. पट्टी लांब असेल तर खोल जातो, आखूड असेल तर वरच राहतो. ओढायचं थांबवलं की परत वर. दोरी बारीक घेतली की आणखी खोल, जास्त सोडली की आणखी खोल. आम्ही शंभर फूट दोरी सोडून बोट अगदी सावकाश, ताशी दोन-अडीच किलोमीटरने चालवत होतो, एवढ्या वेगाने तर आजी शेतावर जायची. एका माणसाला गळाची एकच काठी, दुसरी टाकली तर दंड.

तो जर सरळ न जाता एका बाजूला कलंडत गेला तर बेकार. मग पक्कड घेऊन त्याच्या नाकातली तारेची कडी विरुद्ध बाजूला किंचित वाकवायची, केसभरच, आणि बोटीच्या कडेला पाण्यात ओढून बघायचं, परत वाकवायची, परत बघायचं. हे मला छान जमतं. त्या बाईंचे नवरे, काका, म्हणाले हात चांगला आहे तुझा, मी म्हटलं माझ्या बाबांचा पाग, फेकायचं जाळं, बघा मग कळेल.

हा प्रकार मोठा केला तो फिनलंडच्या एका मच्छीमाराने, लाउरी रापाला. तुमच्यासारखाच माणूस, बोटीत बसून बघायचा की मोठा मासा झुंडीतल्या नेमक्या वेड्यावाकड्या पोहणाऱ्यालाच धरतो. मग १९३६ साली त्याने बुचाचा मासा कोरला, त्याला चॉकलेटची चांदी गुंडाळली आणि वर फोटोच्या निगेटिव्ह वितळवून त्याचं पॉलिश दिलं. आज त्या नावाचे इथे दुकानात भिंतभर लटकलेले असतात.

तर रात्री दोनच्या सुमाराला. काठी हातात असते तेव्हा तिचं टोक सारखं थरथरत असतं, तो खालचा मासा डोलतोय ते हाताला कळतं, गवत अडकलं की थरथर बंद. माझी थरथर बंद झाली म्हणून मी गुंडाळायला लागले आणि गवताने ओढ दिली! तेवीस इंच भरला. पाठ सोनेरी-हिरवट, शेपटीच्या खालच्या टोकाला पांढरा ठिपका. बॅटरी मारली तर डोळा असा चमकला, जिताड्याचा तांबूस चमकतो तसा पण हा चांदीचा, वरून दुधाळ काचेसारखा. मला तुमचा उजवा डोळाच आठवला बाबा, गेल्या दिवाळीत ओटीवर उन्हात बसला होतात तेव्हाचा. तेव्हा तिकडे तुम्ही आत होतात आणि मला माहीत नव्हतं.

सोडून दिला. चिडू नका. वीस इंचावरचा एक घरी नेता येतो, पण एवढ्या मोठ्या बहुतेक माद्या असतात, पुढच्या वर्षीची अंडी तीच घालणार. आपला मोठा जिताडापण मादीच असतो की, आणि आपण पावसाळ्यात दर्यात जात नाही ते तरी कशासाठी. दोन्ही हातांनी पाण्यात आडवा धरून ठेवला, त्याने दोनदा कल्ले हलवले आणि माझ्या मनगटावर शेपूट मारून गेला. छोटे दोन ठेवले, ते मी हळद-मीठ आणि तू दिलेला मसाला लावून तळले, काटा कमी, चव गोडसर. जिताड्याची सर नाही. सोबत इथल्या ओजिब्वे आदिवासी लोकांचा तलावात उगवणारा काळा भात होता, होडीतून काठीने झोडून काढतात तो, बाबांना बघायला आवडला असता.

आता ते राहिलेलं. दादाला मी सांगितलं रेंज नव्हती. रेंज होती. फोन मीच केबिनमध्ये उशीखाली ठेवून गेले, कारण त्या आठवड्यात रोज कोणाचा तरी फोन, व्हिसाचं काय, स्थळाचं काय, आणि मला एक रात्र कोणाचाच आवाज नको होता. सकाळी सहाला अकरा मिस्ड कॉल बघितले. आई, माझं चुकलं.

पैसे. पन्नास हजार दादाच्या खात्यावर टाकलेत, त्यातले ऑपरेशनचे वीस त्याचे त्याला द्या, त्याने भरले म्हणून नको म्हणेल पण द्याच. उरलेल्यातून पावसाच्या आधी तळ्याच्या बांधाची खांड भरून घ्या, मागच्या वर्षी सगळे जिताडे खाडीला गेले. गणपतीला मला यायला जमणार नाही. व्हिसाच्या स्टॅम्पिंगची तारीख मिळेना आणि तिकडे अडकले तर नोकरी जाईल. माघी गणपतीला नक्की प्रयत्न करते.

आणि ते पेणचं स्थळ. मी त्याच्याशी दोनदा बोललेय, तुम्हाला न सांगता. माणूस बरा वाटला, मासे खातो, सावकाश बोलतो. पण त्यांना एवढ्यात शब्द देऊ नका. आत्या घाई करेल, तिला म्हणा पोरगीच कळवेल.

बाबा, ड्रॉप्स चुकवू नका, डोळ्यात पाणी जाऊ देऊ नका आणि डॉक्टर हो म्हणेपर्यंत तळ्यात उतरू नका, पाग दादा टाकेल. रविवारी तुमच्या सकाळी साडेआठला फोन करते. आई, तू उचल.

तुमची,
धाकटी