डायलिसिसच्या टेक्निशियन भाऊंना

भाऊ, नमस्कार.

खारपाणपट्ट्यातल्या गावांवरून आठवड्यातून दोन-तीनदा एसटीने येणाऱ्या पेशंटांचे आम्ही नातेवाईक. पहिला पेशंट खाटेवर यायच्या आधी तुम्ही मागच्या पाण्याच्या खोलीत जाता, पहिले आभार त्याचे.

चार तासांच्या एका पाळीत त्या पाण्यापासून बनवलेला साधारण १२० लिटर द्रव रक्ताला लागून वाहतो. मधे फक्त एक पातळ पडदा. आमच्याकडचं पाणी खारं, म्हणून सगळ्यांना वाटतं आरओ बसवला की झालं. क्षार आरओ अडवतो, पण पाणी निर्जंतुक करताना क्लोरीनपासून बनणारं क्लोरामाइन त्यातून निसटतं. ते धरते कार्बनची टाकी, आणि तीही कधीतरी दमते. मग क्लोरामाइन रक्तात शिरून तांबड्या पेशी फुटतात. म्हणून कार्बननंतरच्या पाण्यात एकूण क्लोरीन लिटरला ०.१ मिलिग्रॅमच्या वर नको, आणि ही तपासणी प्रत्येक पाळीआधी. तुम्ही ती चुकवत नाही. पेशंटला यातलं काही दिसतही नाही.

दिसतं ते शालीवरून होणारं भांडण! एसीत थंडी वाजते, बाया फिस्तुल्याच्या, म्हणजे सुया टोचायला ऑपरेशन करून धमनीला शीर जोडलेल्या, हातावर शाल ओढतात, तुम्ही बाजूला सारता. बरोबरच आहे. पंप मिनिटाला ३०० मिलिलिटर रक्त फिरवतो. परतीची सुई निसटली तर पाच मिनिटांत दीड लिटर रक्त शालीत जिरेल, आणि मशीनचा अलार्म दर वेळी वाजेलच असं नाही. उघडा हात तेवढा कोणालाही दिसतो.

मे महिन्यातल्या उन्हात तहान आवरत नाही. वजन चार किलो वाढवून पेशंट येतो आणि म्हणतो, साठलेलं सगळं पाणी आजच काढा. तुम्ही हिशेब मांडता: किलोमागे तासाला १३ मिलिलिटरच्या वर नाही, म्हणजे ५० किलोच्या माणसाचं चार तासांत फार तर २.६ लिटर. त्याहून जोरात ओढलं की बीपी घसरतो, पायात गोळे येतात. उरलेल्यासाठी तुम्ही डॉक्टरांना विचारून वेळ वाढवता किंवा जादा पाळी लावता. लोक कुरकुरतात, कारण शेवटची एसटी हुकते.

आणि निघतानाची ती शिकवण. सुईच्या जागेतून वाटेत रक्त आलं तर दोन बोटांनी नेमकं तिथंच दाबायचं, हात वर धरायचा, थांबत नसेल तर सरळ जवळचा दवाखाना गाठायचा. दुपट्टा करकचून बांधायचा नाही, फिस्तुला गोठून बंद पडतो. रोज सकाळी त्यावर बोटं ठेवून थरथर बघायची; लागली नाही तर पुढच्या पाळीची वाट न पाहता त्याच दिवशी फोन. हे आता घरातल्या पोरांनाही पाठ आहे.

तुमचेच,
पेशंटांचे नातेवाईक