पाय चालू लागले, हात गळ्यातच राहिला : आरोग्यमंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : लकव्यानंतर हाताच्या उपचारांची सोय तालुक्याच्या ठिकाणी करण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

मी कोल्हापुरात फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करते. लकवा होऊन गेलेल्या माणसांचे हात हलते करणं हे माझं रोजचं काम. आपण याच जिल्ह्याचे, तेव्हा इथल्या हातांची ओळख आपल्याला करून द्यायला नको. हुपरीत पैंजणाची कडी कडीत अडकवणारी बोटं, कोल्हापुरी चपलेची वेणी घालणारी बोटं, इचलकरंजीत मागावर तुटलेली तार सांधणारी बोटं, आणि गावोगाव पहाटे म्हशीची धार काढणारी बोटं. या कामांना ताकदीपेक्षा जास्त गरज असते ती एकेक बोट वेगळं हलवता येण्याची. लकवा नेमकं तेच हिरावून नेतो.

होतं असं. अंगावरनं वारं गेलेला, म्हणजे मेंदूचा रक्तपुरवठा तुटून लकवा झालेला माणूस दवाखान्यात येतो. साडेचार तासांच्या आत पोहोचला आणि नशीब असलं तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन मिळतं. जीव वाचतो. काही दिवसांनी तो भिंतीला धरून चालायला लागतो आणि घरच्यांच्या जिवात जीव येतो. ‘चालतोय की आता!’ लगेच घरी सोडण्याची तयारी होते. हात झोळीत घालून गळ्यात अडकवलेला असतो आणि कार्डावर ‘व्यायाम करणे’ एवढंच लिहिलेलं असतं. कोणता व्यायाम, किती वेळ, कोण करून घेणार, काही नाही. घरी कुणीतरी रबरी चेंडू आणून देतं. माणूस तो महिनोन्‌महिने दाबत बसतो.

पाय परत येतो आणि हात येत नाही, याला कारण आहे आणि ते मेंदूत आहे. घाटात गाडी थांबवली की शेंगदाणा मागायला येणारं लाल तोंडाचं माकड आपण पाहिलं असेल. रस्त्यावर पडलेला दाणा ते अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत उचलतं. मांजराला हे जमत नाही. माकडात आणि माणसात मेंदूच्या बाहेरच्या थरातल्या काही पेशींचे तंतू मज्जारज्जूत उतरून बोटं हलवणाऱ्या पेशींना थेट भिडतात. मांजरात अशी थेट जोडणी नाही. चालणं, चढणं, शरीर सावरणं यांचा बराच भार मेंदूच्या देठातले आणि मज्जारज्जूतले जुने मार्ग उचलतात. बोटांच्या बारीक हालचालीला असा दुसरा वाली फारसा नाही.

लॉरेन्स आणि कायपर्स या दोन संशोधकांनी १९६८ साली याविषयीचं काम प्रसिद्ध केलं. रीसस माकडांच्या मेंदूतून मज्जारज्जूकडे उतरणारा हा मार्ग त्यांनी दोन्ही बाजूंनी तोडला होता. काही आठवड्यांत ती माकडं पळू लागली, पिंजऱ्याच्या गजांवर चढू लागली. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, बरी झाली. पण खाचेतला खाऊचा तुकडा दोन बोटांत धरणं त्यांना पुन्हा जमलं नाही. सगळी बोटं एकदमच मिटायची. मिटलेल्या मुठीतून तो तुकडा सोडणंही अवघड जायचं, आणि गजावर चढताना मात्र तीच मूठ सहज सुटायची. माझ्याकडे येणाऱ्या माणसांचं याहून फार वेगळं नसतं. पेला धरता येतो, ठेवता येत नाही. म्हणून मी त्या रबरी चेंडूच्या विरोधात आहे. ज्याची बोटं आधीच आवळून बसलीत, त्याला आणखी आवळायला शिकवून काय मिळणार? त्याला मूठ उघडायला शिकवावं लागतं, आणि ते शिकवायला समोर माणूस लागतो.

आता वेळेचं सांगते, कारण या पत्राचा खरा गाभा तोच आहे. १९९६ साली अमेरिकेत रँडॉल्फ न्यूडो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्क्विरल मंकी या लहान माकडांच्या मेंदूत, हाताचा ताबा असलेल्या भागात, छोटासा लकवा घडवला. ज्या माकडांकडून पुढे काही करून घेतलं नाही, त्यांच्या मेंदूत शेजारचा हाताचा जो भाग धड उरला होता तोही आक्रसला आणि तिथे कोपर-खांद्याचा अंमल सुरू झाला. रान पडीक ठेवलं की बांध सरकतो, तसंच हे. ज्या माकडांना रोज लहान लहान खाचांमधून खाऊ काढायला लावला, त्यांच्यात तो भाग टिकला, काहींमध्ये तर वाढला. पुढे २००८ मध्ये जपानी संशोधकांनी मकाक माकडांवर केलेल्या कामातही रोज सराव केलेल्यांची चिमटी परत आली, सराव न झालेल्यांची नीट आली नाही.

म्हणजे हात गळ्यात अडकवून घरी पाठवलेल्या माणसाचं नुकसान लकव्याच्या दिवशी संपत नाही. पुढचे आठवडे ते वाढत असतं, आणि ते टाळता येण्यासारखं असतं. त्यात आपली घरं मायाळू. सून भरवते, बायको गुंड्या लावते, नातू चप्पल घालून देतो. मग दुबळा हात वापरायची वेळच येत नाही. एडवर्ड टाऊब या अमेरिकी संशोधकांनी माकडांच्या एका हाताची संवेदना नेणाऱ्या नसा तोडल्या, तेव्हा हलवता येत असूनही माकडांनी तो हात वापरणं सोडून दिलं. चांगला हात बांधल्यावर तोच ‘मेलेला’ हात कामाला लागला. यातूनच माणसांसाठी उपचार निघाला : चांगल्या हातात जाड मोजा घालायचा आणि दुबळ्या हाताकडून तासन्‌तास कामं करून घ्यायची. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या चाचणीत लकवा होऊन ३ ते ९ महिने झालेले २२२ रुग्ण होते. या पद्धतीने दोन आठवडे उपचार घेतलेल्यांच्या हाताला आलेला फरक वर्षभरानंतरही टिकून होता.

हे सगळ्यांना लागू पडत नाही. मनगट आणि बोटं थोडी तरी उचलता यायला हवीत. शिवाय सुरुवातीलाच अति जोर लावणं उलटही पडतं. २००९ मध्ये ५२ रुग्णांवर झालेल्या एका चाचणीत लकव्यानंतर लवकरच सर्वांत जास्त तास सराव दिलेल्या गटाची तीन महिन्यांनंतरची प्रगती इतरांपेक्षा कमी भरली. म्हणून सांगते साहेब, हे काम पत्रक वाटून किंवा मोबाइलवर व्हिडिओ पाठवून होणारं नाही. कुणाला किती, कधी, कशाने सुरुवात करायची, हे हात हातात घेऊन ठरवणारा शिकलेला माणूस लागतो.

एक गोष्ट लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही. १८८१ साली लंडनच्या आंतरराष्ट्रीय वैद्यकीय परिषदेत डेव्हिड फेरियर या मेंदू-संशोधकांनी मेंदूचा एक भाग काढलेलं माकड सर्वांसमोर आणलं. एक बाजू लुळी, लंगडत चालणारं. ते पाहून शार्को हे नामवंत फ्रेंच डॉक्टर ‘हा तर रुग्णच!’ असं उद्गारल्याचं सांगतात. त्यानंतरच्या शंभरेक वर्षांत जे कळलं ते अशाच मुक्या जिवांच्या अंगावर कळलं. १९८१ साली टाऊब यांच्या प्रयोगशाळेतल्या माकडांच्या हालांवरून अमेरिकेत खटला उभा राहिला आणि तिथल्या प्राणिरक्षणाच्या कायद्यात पुढे बदल झाले. हे प्रयोग करावेत की नाही, यावर वाद आहे आणि तो असायलाच हवा. पण एवढी किंमत मोजून मिळालेलं ज्ञान गारगोटीच्या किंवा चंदगडच्या रुग्णापर्यंत पोहोचूच नये, हे मला सहन होत नाही.

चंदगडहून कोल्हापूर शंभर किलोमीटरहून दूर आहे. लकवा झालेला माणूस, सोबत एक जण, एसटीचं भाडं आणि बुडालेली मजुरी. तो पहिल्या आठवड्यात येतो, दुसऱ्या आठवड्यात येतो, मग येणं थांबतं. दोष त्याचा नाही.

कोल्हापुरातलं सरकारी सीपीआर रुग्णालय आणि शेंडा पार्कातलं नवं रुग्णालय वैद्यकीय शिक्षण खात्याकडे येतात, हे मला ठाऊक आहे. ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयं मात्र आपल्या खात्याची आहेत. तिथे फिजिओथेरपिस्टचं आणि हाताच्या कामासाठी खास शिकलेल्या ऑक्युपेशनल थेरपिस्टचं पद असावं आणि ते भरलेलं असावं. रोज शक्य नसेल तिथे निदान आठवडी बाजाराच्या दिवशी तरी हे लोक हजर असावेत, कारण त्या दिवशी गाव तालुक्याला येतंच. घरी सोडताना कार्डावर हाताची नोंद सक्तीची करा : मनगट उचलतं का, मूठ उघडते का, चिमटी होते का, पुढची तारीख कोणती आणि कुठे. महात्मा ज्योतिबा फुले जन आरोग्य योजनेचा भर भरती होऊन घ्यायच्या उपचारांवर आहे. त्यात लकव्यानंतर पहिले सहा महिने ये-जा करून घ्यायच्या थेरपीच्या सत्रांची स्पष्ट तरतूद करा. आशाताईंना मूठ उघडायच्या सरावाचं आणि दुखरा खांदा ओढायचा नाही याचं प्रशिक्षण द्या. त्या घरात जातात, आम्ही पोहोचत नाही.

याला मोठी यंत्रं लागत नाहीत. वाटीत शेंगदाणे, कपड्यांचे चिमटे, सुतळी, नाणी आणि रोजचा तास-दोन तास देणारा माणूस लागतो. सुरुवात आपल्याच जिल्ह्यातल्या एका उपजिल्हा रुग्णालयापासून करता येईल, गडहिंग्लज घ्या. सहा महिन्यांनी किती हातांची मूठ उघडू लागली, ते मोजा आणि मग राज्याचं ठरवा. शिकवायला लागेल तेवढा वेळ मी आणि माझ्या ओळखीचे थेरपिस्ट विनामोबदला द्यायला तयार आहोत. आपल्या कार्यालयाने दिवस कळवावा.

आपली,
कोल्हापुरातली एक फिजिओथेरपिस्ट