फ्रॉम रेस्ट

चि. ओंकार,

रात्री तू फोन आपटलास, ते ठीक आहे. आई म्हणाली लगेच परत लावू नका, म्हणून लिहितोय. माईकवर बोलून लिहायला गेलो तर ते त्वरणला तोरण करतंय, म्हणून बोटानेच टाईप करतोय, चुका असतील तर समजून घे.

पन्नासपैकी अकरा. पडू देत. एका युनिट टेस्टवरून काही ठरत नाही, तेव्हा मी मार्कांवर लिहिणार नाहीये. पेपरचा फोटो मात्र चार वेळा मोठा करून पाहिला. तिसरं गणित तू अर्धवट सोडलंस आणि बाजूला पेन्सिलने लिहिलंस की एक किंमत दिलेली नाही. दिलेली होती रे. गाडी फ्रॉम रेस्ट निघते, त्वरण दोन, वेळ पाच सेकंद, अंतर काढा. फ्रॉम रेस्ट म्हणजेच सुरुवातीचा वेग शून्य. नववीत हेच गणित 'विराम अवस्थेतून' असं लिहून आलं असतं तर तू पंचवीस मीटर तोंडी सांगितलं असतंस, ओट्यावर आक्काच्या शेंगा फोडता फोडता सांगायचास तसं. फिजिक्स अडलं नाही, रेस्ट अडलं. व्हेलॉसिटी, मोमेंटम तू दोन आठवड्यांत पाठ केलेस, पण 'रिस्पेक्टिव्हली', 'अनलेस', 'जस्ट बिफोर' हे कोण शिकवणार? सरांना वाटतं ते इंग्रजीच्या तासाला झालंय आणि इंग्रजीच्या तासाला आम्ही काय शिकवलं ते मला माहिती आहे.

म्हणून एकच विचारतो, तू वर्गात विचारतोस का? एकशे वीस पोरं असतील, अर्धी सीबीएसईवाली असतील, हसतील. हसू दे. मराठीत विचार. लातूरचे सर आहेत, त्यांच्या घरी काय इंग्रजी बोलतात का?

तू म्हणालास, तुमच्यामुळे झालं, तुम्ही मला सेमी इंग्रजीत, गणित-विज्ञान इंग्रजीतून, घातलं असतं तर. यावर मी रात्रभर उत्तरं तयार केली. नवीन शैक्षणिक धोरण २०२० मध्येसुद्धा किमान पाचवीपर्यंत मातृभाषेतून शिकवा म्हटलंय, नीटचा पेपर २०१७ पासून मराठीतही मिळतो (पण अनुवादात वाद झाला तर इंग्रजी प्रश्नच धरतात, आणि अकरावीचं तुझं पुस्तक तर इंग्रजीतच, म्हणजे मराठी पेपर घेऊन तू करणार काय, हेही कळतं मला). मराठी शाळेत शिकून शास्त्रज्ञ झालेल्या माशेलकरांचं नाव घेत नाही, ते नाव ऐकलं की तू उठून जातोस.

झालं, लागलो भाषण द्यायला. माफ कर.

आज शाळेत काय झालं ते सांगतो. सहावी, सेमीचा वर्ग. फळ्यावर मी इंग्रजीत लिहितो आणि बोलतो मराठीत, सगळे तसंच करतात, साहेब आले की तेवढं उलट. एक छेद दोन अधिक एक छेद तीन दिलं. समोरच्या पोरीने दोन छेद पाच लिहून आणलं. विचारलं, डिनॉमिनेटर म्हणजे काय गं? ती न अडखळता म्हणाली, सर, खालचा नंबर. खालचा म्हणजे कशाचा? गप्प. मग डबा उघडून भाकरी काढली, एकीचे दोन तुकडे केले, दुसरीचे तीन, आणि दोन्हींतला एकेक तुकडा तिच्या हातावर ठेवून म्हटलं, आता हे पाच तुकड्यांतले दोन आहेत का? ती म्हणाली, नाही, हे सारखे तुकडे नाहीत. म्हटलं आधी सारखे कर, मग तिने पेन्सिलने सहा-सहाच्या खुणा केल्या आणि पाच छेद सहा म्हणाली. छेद म्हणजे कापणं, शब्दातच आहे सगळं. पण परीक्षेत तिला डिनॉमिनेटरच येईल आणि तो शब्द तिला काही सांगत नाही. भाकरी पोरांनीच खाल्ली, मी उपाशी, आईला सांगू नको.

आता खरं लिहितो. तू पहिलीला होतास तेव्हा शाळेचा पट घसरला होता, गाडी यायची आणि आपल्या आळीतली पोरं भरून तालुक्याला न्यायची. मी दारोदार फिरत होतो की पोरं आमच्याकडे घाला. तात्याच्या दारात एकाने विचारलं, मास्तर, तुमचं कुठंय? त्या दिवशी मी तुझं नाव आमच्या हजेरीत लिहिलं. मातृभाषा वगैरे खरंच आहे, मी ते मानतो, आजही मानतो, पण त्या दिवशी डोक्यात मातृभाषा नव्हती, माझं तोंड होतं. दोन वर्षांनी पालकांनी मागणी केली म्हणून आम्हीच सेमी सुरू केलं, तेव्हा तुला बदलता आलं असतं. बदललं नाही, बदललं असतं तर मीच खोटा पडलो असतो. ताईला हे माहिती आहे, तुला कधी बोललो नाही.

तरी तू दहावीत तालुक्यात दुसरा आलास, मराठीतून. पेढे वाटताना मी जे काही बोललो ते आठवून आता लाजच वाटते.

मला बरोबर वाटलं ते केलं की सोयीचं वाटलं ते, अजून ठरवता येत नाही. सेमीवाल्यांचंही पुढे सगळं सुरळीत होतं असं नाही, ती डिनॉमिनेटरवाली पोरगी बघतोच आहे. पण अडलास तू, ती नाही, हे कळतंय.

शनिवारच्या एसटीने डबा पाठवतोय, चटणी, लाडू, आणि एक दोनशे पानी वही. गेले चार दिवस तुझं फिजिक्सचं पुस्तक शेजारच्या पोराकडून आणून वाचतोय, डावीकडे त्यातले बारके शब्द, उजवीकडे मराठी. मोठे शब्द घेतले नाहीत, ते तुला येतात. दुसऱ्या धड्यात मीच दोनदा अडकलो, तिथे प्रश्नचिन्ह केलंय, तुला कळलं तर मला सांग.

मेसचं जेवण नीट जेव. काकूंकडे रविवारी जा.

बाबा

ता.क. पहिल्या बाकावर बसतोस ना? मागून विचारलं की ऐकू जात नाही.