गायन की संवादिनी?

चि. मैथिलीस,
अनेक आशीर्वाद.

संगीताच्या अभ्यासक्रमात मुख्य विषय गायन की संवादिनी, म्हणजे आपली पेटी, हार्मोनियम, याचा फॉर्म सोमवारी द्यायचाय म्हणालीस. फोनवर बाबा मध्येमध्ये बोलत होते, म्हणून लिहूनच पाठवते.

बाबांचं म्हणणं तुला ठाऊक आहे: गळा आहे तर गायनच घे, पेटी काय, येतेच. आत्याही तेच म्हणते. दोघांच्या डोळ्यांसमोर मैफलीचा फोटो असतो, मध्ये गायिका आणि कडेला अर्धा कापला गेलेला पेटीवाला! आपल्या कोल्हापूरच्या गोविंदराव टेंब्यांनी गायक भास्करबुवा बखल्यांना साथ केली, एकल पेटी वाजवली आणि 1911 मध्ये ‘मानापमान’ नाटकाला चालीही दिल्या. त्यांना कडेला कोण बसवणार?

पेटीचं उणंही आहेच. सूर बांधलेले, एका सुरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जायची मींड निघत नाही. आकाशवाणीने 1940 साली पेटीवर बंदी घातली ती 1971 पर्यंत, त्यामागे हाच आक्षेप मोठा होता. दरबारी रागाचा आंदोलित, हळुवार झुलणारा गंधार तुला पेटीवर नुसता सुचवावा लागेल. ते रोज बोचणार असेल, तर गायनच घे, मी एक शब्द बोलणार नाही.

पण मला दिसलं ते सांगते. दिवाळीत दादाच्या तबल्याला तू पेटीवर लेहरा धरलास. तीनतालाची एकच ओळ, सोळा मात्रा, पुन्हा पुन्हा. तो तबल्याच्या एका रचनेवरून दुसरीवर, पेशकारावरून कायद्यावर गेला, मग जलद रेले सुरू झाले, तुझी लय तसूभर हलली नाही. एका तुकड्यात त्याची सम, तालाची पहिली मात्रा, चुकली, तेव्हा त्याने तुझ्या बोटांकडे पाहिलं आणि पुढच्या आवर्तनात नीट समेवर आला. तुझ्या चेहऱ्यावर तेव्हा जे होतं, ते गाण्याच्या, खालच्या सुरांतल्या खर्जाच्या रियाजात मी कधी पाहिलं नाही. तिथे तू घड्याळ बघतेस. स्वयंपाकघरातून सगळं दिसतं गं.

कामाचं म्हणशील तर गाणारे, एकल तबला वाजवणारे, कथकवाले, भजनी मंडळं, सगळ्यांनाच पेटी लागते. मात्र साथीला मुली अजून कमी दिसतात. आयोजक तुला विचारतील, ‘पेटीवाले कुठे आहेत?’ पेटी उघडून बसायचं, उत्तर मिळतं त्यांना.

आणि संवादिनी घेतलीस तरी गाणं सोडायचं नाही. बंदिश स्वतःला गाता आली नाही तर साथ कसली करणार? आज काळी एक पट्टीत गाणारा गायक, उद्या काळी चारमध्ये गाणारी गायिका. बोटं सगळीकडे फिरायला हवीत.

सोमवारच्या आत सरांना एवढं विचार, की या अभ्यासक्रमात एकल वादन किती आणि साथ किती, आणि परीक्षेला साथीचे गुण असतात का. नुसतं एकल असेल तर साथीची तालीम बाहेर शोधावी लागेल, त्याची फी आपण बघू. बाबांशी मी बोलते.

भाता हवा सोडतोय म्हणालीस ना? सुट्टीत पेटी घेऊन ये, मिरजेला दाखवू.

तुझी,
आई