टाकी फुल्ल करा, पण गळ्याच्या वर नको

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

आमच्या अकोल्यातलं मे महिन्यातलं ऊन तुमच्या वाचकांना माहीत आहे, पारा पंचेचाळीसच्या पुढं गेला की दुपारी रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही. अशाच एका दुपारी माझ्या मोटरसायकलच्या टाकीतून पेट्रोल उतू गेलं, त्याबद्दल लिहितोय.

नातेवाइकांकडे साखरपुडा होता म्हणून सकाळीच पंपावर टाकी फुल्ल करायला सांगितली. पोरानं काठोकाठ भरली आणि राउंड फिगर करायला अजून दोनदा नोझल दाबलं, पेट्रोल पार झाकणाला टेकलं, मीही काही बोललो नाही. घरी येऊन गाडी साइड स्टँडवर लावली, निघायला उशीर होत गेला आणि गाडी तशीच उन्हात राहिली. साडेबाराच्या सुमारास धाकटी मुलगी आत येऊन म्हणते, "बाबा, गाडी गळून राहिली." बाहेर जाऊन बघतो तर झाकणाच्या कडेनं पेट्रोल बुडबुडत बाहेर येतंय, टाकीवरचं स्टिकर फुगलेलं, ओघळ सरळ इंजिनवर चाललाय, आणि समोर कडुलिंबाखाली दोघं जण बिडी ओढत बसलेले. माझे हातपाय गार पडले. आधी त्यांना बिडी विझवायला लावली, मुलीला आत पाठवलं, गाडी चालू न करता ढकलत सावलीत नेली आणि झाकण हळूच उघडलं तर फुस्स करून हवा बाहेर पडली. थोडं पेट्रोल काढून घेतलं आणि वास पूर्ण जाईपर्यंत किक मारली नाही.

मेकॅनिकनं नंतर नीट समजावलं. पंपाची टाकी जमिनीखाली असते, त्यामुळं पेट्रोल त्यामानानं गार येतं. दर दहा डिग्रीला ते साधारण एक टक्का फुगतं, म्हणजे बारा लिटरची टाकी उन्हात वीस डिग्रीनं तापली तर दोन-अडीचशे मिली जास्तीचं होतं, चहाचे दोन-तीन कप. ते जाणार कुठं? झाकण उघडलं की आत जी नळी खाली उतरलेली दिसते, तो टाकीचा गळा, तिच्या खालच्या काठापर्यंतच भरायचं, वरची जागा फुगायला सोडलेली असते. माझ्या गाडीला झाकणाच्या खोबणीत एक बारीक भोक आहे, सांडलेलं पेट्रोल आणि पावसाचं पाणी त्यातून पाइपनं खाली जातं, ते धुळीनं बुजलं होतं म्हणून सगळं टाकीवरून वाहिलं. त्यात साइड स्टँडवर गाडी कललेली.

दर उन्हाळ्यात व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज फिरतो की टाकी फुल्ल केली तर स्फोट होतो, इंडियन ऑइलची सूचना आहे म्हणून. तो खोटा आहे, गाडीच्या कंपनीनं सांगितलेल्या मर्यादेपर्यंत उन्हाळ्यातही खुशाल भरा असं खुद्द इंडियन ऑइलनं जाहीर केलेलं आहे. नुसत्या उन्हानं पेट्रोल पेटत नाही, त्याला अडीचशे डिग्रीच्या वर उष्णता लागते. पण बाहेर सांडलेल्या पेट्रोलला ठिणगी पुरते, त्याची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत पसरत जाते, दिसतही नाही. लोक मेसेज खोटा निघाला म्हणून हसतात आणि पुन्हा झाकणापर्यंत भरतात, याचं मला फार वाईट वाटतं.

माझी विनंती एवढीच की पंपमालकांनी पोरांना गळ्याखाली थांबायला शिकवावं, गिऱ्हाईक म्हणालं तरी. शोरूमवाल्यांनी नवी गाडी देताना झाकण उघडून ही गळ्याची मर्यादा मराठीत समजावून द्यावी, पुस्तक डिकीत पडून राहतं, कोणी वाचत नाही. आणि तहसील, कोर्ट, बसस्टँड इथं शेकडो गाड्या दिवसभर एकाला एक चिकटून उन्हात उभ्या असतात, तिथं पत्र्याची शेड नाही तर निदान हिरवी जाळी तरी टाकावी, पुढचा उन्हाळा यायच्या आत.

आपला,
एक वाचक, अकोला