रिपोर्टवरचा ‘नॉर्मल’

महोदय,

गेल्या दिवाळीआधी कोपरखैरण्यात आमच्या सोसायटीत एका लॅबने आरोग्य शिबिर भरवले. दारात फलक होता : ‘रक्त तपासा, फुप्फुसाचा कॅन्सर वेळीच ओळखा’. माझे दाजी कळव्याहून मुद्दाम आले. वय ६३, पस्तीस वर्षे रोज एक पाकीट. दोन दिवसांनी मोबाईलवर रिपोर्ट आला : सीईए (काही कॅन्सरमध्ये वाढणारे रक्तातले एक प्रथिन) ३.८, नॉर्मल. दाजींनी तो ताईपुढे नाचवला आणि त्याच आनंदात खाली टपरीवर गेले.

मार्चमध्ये थुंकीतून रक्त पडले. ‘उष्णतेचं असेल, रिपोर्ट नॉर्मल आहे ना,’ असे म्हणत त्यांनी आणखी दीड महिना काढला. मग एक्स-रे, टीबीचा संशय, थुंकीची तपासणी आणि शेवटी सीटी स्कॅन. उजव्या फुप्फुसात साडेचार सेंटिमीटरची गाठ.

सीईए सिगारेट ओढणाऱ्यांमध्ये कॅन्सर नसतानाही वाढलेले असू शकते आणि कॅन्सर असूनही कित्येकांचे नॉर्मल येते, हे आम्हाला तेव्हा डॉक्टरांकडून कळले. रक्तातून गाठीचा डीएनए शोधणाऱ्या नव्या तपासण्याही निघाल्या आहेत. पण गाठ लहान असताना तिचा डीएनए रक्तात इतका थोडा उतरतो की तो हातून निसटतो. बायोप्सीनंतर दाजींचे रक्त पुन्हा घेतले, ते कोणते औषध लागू पडेल हे ठरवायला. तिथे त्याचा उपयोग आहेच.

वेळेआधी शोधायला उपयोगी ठरला तो किरणांच्या कमी मात्रेचा सीटी. अमेरिकेत ५३ हजारांवर लोकांच्या अभ्यासात, एक्स-रे काढलेल्यांपेक्षा या सीटीच्या गटात फुप्फुसाच्या कॅन्सरचे मृत्यू २० टक्के कमी झाले. २०११ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पन्नाशी ओलांडलेल्या आणि रोज एक पाकीट या हिशेबाने २० वर्षे ओढलेल्यांना तिथे हा सीटी दरवर्षी सुचवतात. आपल्याकडे टीबीचे जुने डाग त्यातही घोळ घालतात, मान्य. पण दाजींना त्याचे नावसुद्धा कोणी सांगितले नाही.

शिबिरे जरूर घ्या. फक्त ‘नॉर्मल’च्या शेजारी, तेवढ्याच मोठ्या अक्षरात, मराठीत छापा : ‘यावरून कॅन्सर नाही असे ठरत नाही.’ आणि फॉर्मवर एक रकाना वाढवा : विडी-सिगारेट रोज किती, किती वर्षे? आमच्या फॉर्मवर मोबाईल नंबर दोनदा विचारला होता. एकदाच विचारला तर तेवढी जागा सहज निघेल.

— एक निवृत्त कामगार, कोपरखैरणे, नवी मुंबई